आजीच्या जाळीच्या कपाटाला चॉक पेंट लावला, पिवळे डाग उमटताहेत. कुणाला अनुभव?

मेधा_प | १२ एप्रिल

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

चिपळूणजवळचं आमचं गावचं घर आवरायला काढलं तेव्हा बाकीच्यांनी तांब्यापितळेची भांडी वाटून घेतली. मी एकच वस्तू मागितली, आजीचं जाळीचं कपाट. साडेचार फूट उंच, दोन दारं, दारांना बारीक तारेची जाळी, खाली दोन खण. दूध, दही, लोण्याचा गोळा, सकाळच्या उरलेल्या भाकऱ्या सगळं त्यात. मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे. त्या वाट्यांत पाणी घालायचं काम माझं होतं आणि मी ते विसरायचे. फ्रिज आला तसं कपाट मागच्या पडवीत गेलं आणि गेली पंचवीस वर्षं तिथंच होतं.

आता ते पुण्यात आमच्या फ्लॅटमध्ये आलंय. रंग काळपट-तपकिरी, वर मेणचट थर. व्हिडिओ बघून बघून चॉक पेंटचं, म्हणजे खडूसारख्या कोरड्या दिसणाऱ्या रंगाचं, वेड डोक्यात बसलं होतं. घासायला नको, प्रायमर नको, दोन हात मारा आणि वर मेण चोळा. तयार डबा महाग वाटला म्हणून भिंतीचा उरलेला पांढरा मॅट इमल्शन आणि चॉक पावडर मिसळून घरीच केला. आधी एका खणावर प्रयोग. पहिला हात सुकल्यावर इतका सुंदर दिसला की नवऱ्याला ऑफिसमध्ये फोटो पाठवला.

सकाळी उठून बघते तर पिवळे डाग. दुसरा हात दिला, पुन्हा पिवळे. तिसऱ्या हातानंतरही रेषारेषांनी वर येतायत, आतून कुणी हळदीचं बोट ओढावं तसे.

तर प्रश्न असे. डाग कसले? थांबवायचे कसे? आणि वरचं मेण आपल्या पावसाळ्यात टिकतं का?

फोटो चढत नाहीये, नंतर बघते.

चहाबाज | १२ एप्रिल

स्वतःच हळद म्हणताय, मग हळदच असणार. खणात मसाल्याचा डबा असायचा का?

मेधा_प | १२ एप्रिल

आईला विचारलं. त्या खणात सुतळी, मेणबत्त्या, नरसाळं आणि "तुझ्या आजोबांचे सगळे बिघडलेले टॉर्च". मसाला कधीच नाही म्हणे.

खटपट्या_आजोबा | १२ एप्रिल

मेधाताई, रागावू नका, पण सत्तरी ओलांडलेला माणूस आहे, स्पष्ट बोलतो. जुन्या सागवानावर पांढरा रंग लावणं म्हणजे पुरणपोळीवर सॉस ओतणं. शंभर रुपयांची चपडी (लाखेचे पापुद्रे) आणा, स्पिरिटमध्ये विरघळवा, कापसाचा बोळा करून हात फिरवा. लाकूड आरशासारखं दिसेल. आमच्या वडिलांनी लग्नात घेतलेलं टेबल मी दर पाच-सहा वर्षांनी असं करतो. डाग तुम्हाला लाकडानं दिलेली शिक्षा आहे.

उंटावरचा_शहाणा | १२ एप्रिल

+१ आजोबा.

(पण पुरणपोळीवर सॉस आमच्या चिरंजीवांनी खाल्लाय. हलकेच घ्या.)

शिसवी | १३ एप्रिल

आजोबा, हे 'जुनं लाकूड पवित्र' प्रकरण मला पटत नाही. तुमच्या पिढीनं तरी कुठं लाकूड दिसू दिलं? आमच्या आजोळी शिसवी पलंगाला दर दिवाळीला चॉकलेटी ऑइल पेंट फासत. दारं-खिडक्या हिरव्या, देव्हारा निळा. मी तो पलंग खरवडायला घेतला तेव्हा सात थर निघाले, मोजले. सर्वांत खाली गुलाबी! कुणाला सुचलं असेल गुलाबी?

रंग लावणं ही आपल्याकडची जुनीच सवय आहे. आता तो मॅट असतो आणि इंग्रजी नावाचा असतो, एवढंच.

खटपट्या_आजोबा | १३ एप्रिल

गुलाबी आमच्याकडे नव्हता. बाकीचं मान्य.

सोडा_लिंबू | १३ एप्रिल

शिसवी, ते सात थर कोरडे घासून काढले असतील तर यापुढे नका काढू. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे अगदी कालपरवा. आजोळच्या पलंगावर काय असेल सांगता येत नाही. घासायचंच तर पाणी मारून वॉटर पेपरनं, चांगला मास्क लावून, पोरंबाळं लांब ठेवून. आणि राडा झाडूनं उडवायचा नाही, ओल्या फडक्यानं टिपायचा.

आता डागाकडे. मी शाळेत रसायन शिकवते, त्यामुळे राहवत नाही. हळदीची परीक्षा एका मिनिटात होते. डागावर बोटभर ओला चुना लावा. हळद असेल तर लाल होईल. कुंकू असंच करतात. लाल झालं नाही तर हळद नाही.

मेधा_प | १३ एप्रिल

पानाच्या टपरीवरून चुना आणला, टपरीवाल्याला 'कपाटाला लावायचाय' सांगितलं, त्यानं दोन पुड्या जास्त दिल्या.

लाल नाही झालं. उलट जास्त गर्द पिवळं झालं! आता?

चहाबाज | १३ एप्रिल

निर्दोष मुक्तता. हळदीची माफी मागतो.

खणखणीत | १३ एप्रिल

जुन्या पॉलिशमधला रंग असेल. माझ्याकडे लाल-तपकिरी टेबलावर असंच झालेलं, पांढऱ्यातून गुलाबी उमटलं. पॉलिशवाले चपडीत रंगाची पूड घालतात, ती वर येते. महोगनी किंवा सागातलं टॅनिनही येतं, पण ते चहाच्या डागासारखं तपकिरी. इतकं पिवळं मी नाही पाहिलं.

सुतारपक्षी | १३ एप्रिल

मेधाताई, खण पूर्ण बाहेर काढा आणि मागची, रंग न लागलेली बाजू बघा. तिथं पटाशीनं किंवा सुरीनं नखाएवढी जागा खरवडा. वरचा काळा थर गेला की आत कुठला रंग दिसतो ते सांगा. वासही घ्या. आणि हेच कपाटाच्या चौकटीवर, पायाच्या आतल्या बाजूला करा. दोन्ही वेगळं वेगळं सांगा.

माझा एक अंदाज आहे, पण आत्ता बोलत नाही.

उंटावरचा_शहाणा | १३ एप्रिल

खुर्चीच्या टोकावर बसलोय. (खुर्ची प्लॅस्टिकची आहे, तिला मेण लागत नाही.)

मेधा_प | १४ एप्रिल

पाय: सोनेरी-तपकिरी, हाताला जरा तेलकट, वास चामड्याच्या जुन्या पाकिटासारखा.

खण: पिवळाधमक! झेंडूसारखा. पायाच्या लाकडाशी काहीच संबंध नाही. फळ्याही तशाच, पाठही तशीच.

सुतारपक्षी | १४ एप्रिल

मग खण फणसाचे आहेत.

मी मूळ कुडाळचा. वडील सुतार, मी संगणकावर बसून पोट भरतो, पण शनिवार-रविवार हातात रंधाच असतो. आमच्याकडे कामाची पद्धत अशी होती की चौकटीला, पायाला साग घ्यायचा, कारण तो विकत घ्यावा लागायचा आणि जिथं जोर येतो तिथंच खर्चायचा. फळ्या, खण, पाठ याला परड्यातला पडलेला फणस. फणस काही हलका माल नव्हे. पाट, देव्हारे, घराचे वासे, दारं सगळं त्याचं होतं. ताजा कापला की पिवळा असतो, मग वाऱ्या-उन्हानं काळवंडत मध-तपकिरी होतो, पन्नास वर्षांनी सागासारखाच दिसतो. पण आतला पिवळा आतच राहतो. नुसता बघून भलेभले फसतात.

आणि हा पिवळा पाण्यात उतरतो. चॉक पेंट पाण्याचा. तुम्ही लावता, लाकूड भिजतं, पिवळं पाण्याबरोबर वर येतं, पाणी उडून जातं आणि पिवळं तिथंच बसतं. चौथा हात द्याल, चौथ्यांदा येईल.

सोडा_लिंबू | १४ एप्रिल

अरे वा! म्हणून चुन्यानं आणखी गर्द झालं. फणसाच्या गाभ्यात मोरिन नावाचं पिवळं द्रव्य असतं. अवांतर: ब्रह्मदेश, थायलंड, श्रीलंकेकडे बौद्ध भिक्खूंची चीवरं याच लाकडाचे तुकडे उकळून रंगवायची परंपरा आहे. मेधाताई, तुमचा खण कापड रंगवण्याचं काम करतोय, तुम्ही त्याला कपाट समजताय.

चहाबाज | १४ एप्रिल

मृदंगाचं खोडही फणसाचंच असतं ना? तिकडे दक्षिणेत?

सुतारपक्षी | १४ एप्रिल

हो. पण ते वाजवतात, त्याला चॉक पेंट लावत नाहीत.

खटपट्या_आजोबा | १४ एप्रिल

मी त्या लाकडाला साग म्हटलं होतं. चुकलो. पण बाकीचं माझं म्हणणं कायम आहे.

मेधा_प | १४ एप्रिल

मी सकाळपासून त्या खरवडलेल्या जागेकडेच बघतेय. आमच्या परड्यात विहिरीपाशी एक फणस वादळात पडला होता असं आजी सांगायची. त्याचंच असेल का? आता विचारायला कुणी नाही.

बरं, पण थांबवायचं कसं?

खणखणीत | १५ एप्रिल

चपडी. आजोबा म्हणतात तीच, पण पॉलिश म्हणून नव्हे, मध्ये पडदा म्हणून. पाण्याचा रंग लाखेच्या थराला भेदत नाही. मी असं केलं:

एक लिटर स्पिरिटला साधारण सव्वाशे ग्रॅम चपडी (लाखेचे ते पातळ पापुद्रे). इतकं पातळच बरं. रात्रभर काचेच्या बरणीत ठेवायची, मधूनमधून हलवायची, सकाळी फडक्यातून गाळायची. लोखंडी डब्यात अजिबात नको, काळी पडते. ब्रशनं एक हात, अर्धा-पाऊण तास थांबून दुसरा. २२० किंवा ३२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकेच हात फिरवायचा आणि मग चॉक पेंट. आधी मात्र मेणचट थर सोड्याच्या कोमट पाण्यानं काढून दोन दिवस सुकवा, नाहीतर चपडी धरत नाही.

जुनी विरघळवलेली चपडी वापरू नका. वर्षभर पडून राहिलेली चिकटच राहते, सुकत नाही. हे मला एका खुर्चीनं शिकवलं. आमचे पाहुणे तिला चिकटले होते.

आणि हे सगळं मेअखेरपर्यंत उरका. दमट हवेत चपडीवर पांढरट धुकं येतं.

शिसवी | १५ एप्रिल

'पाहुणे चिकटले' हा वाक्प्रचार आज खऱ्या अर्थानं कळला.

थेम्सकाठी | १५ एप्रिल

उशिरा आले धाग्यावर. चॉक पेंटच्या माहेरात राहते म्हणून दोन शब्द.

हा रंग ॲनी स्लोन या बाईंनी १९९० मध्ये आणला, त्यांचं दुकान ऑक्सफर्डला. 'चॉक' नाव पडलं ते त्याच्या खडूसारख्या कोरड्या, चमक नसलेल्या स्पर्शावरून. त्यानं फळा होत नाही.

इथं लोक त्याच्यामागे का लागले हे बघायला एखाद्या चॅरिटी शॉपमध्ये जावं. तपकिरी कपाटं, तपकिरी टेबलं रांगेनं उभी असतात, फुकट दिली तरी कुणी नेत नाही. त्यातली बरीच पाइनची नाहीतर पातळ व्हिनिअर चिकटवलेली. त्यांना रंग लावला तर ती घरात येतात, नाही लावला तर भंगारात जातात. तिथं वादच नाही. तुमच्याकडे साग आणि फणस आहे, म्हणून प्रश्न पडतो. मी नागपूरच्या माहेरचा सागवानी झोपाळा रंगवू दिला नसता. इथलं पाइनचं ड्रेसर बिनधास्त बदकाच्या अंड्याच्या निळ्या रंगात रंगवलं. वस्तू बघून ठरवा, नियम करू नका.

घासाघीस नको म्हणतात ते अर्धसत्य आहे. रंग चिकटतो खरा, पण चकाकत्या मेलामाइन पॉलिशवर किंवा सनमायक्यावर न घासता लावलात तर नखानं पापुद्रा निघतो.

उंटावरचा_शहाणा | १५ एप्रिल

'त्यानं फळा होत नाही' हे दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत? आमच्या सौ.नी 'चॉक' सांगितलं, मी 'चॉकबोर्ड पेंट' घेऊन आलो. डबा उघडला तर काळा. म्हटलं असेल फॅशन. टीपॉय काळाभोर झाला आणि पोरानं त्यावर खडूनं बाविसाचा पाढा लिहिला. अजून आहे. पाढा चुकलाय.

चहाबाज | १५ एप्रिल

धागा वाचनखुणांत साठवला, केवळ या प्रतिसादासाठी.

रंगीबेरंगी | १६ एप्रिल

घरी चॉक पेंट करणाऱ्यांसाठी. चॉक पावडरऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस घ्यायचं असेल तर आधी पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून, मग रंगात ओता. मी कोरडं पीओपी थेट डब्यात टाकलं. रव्याचा शिरा झाला. वर, पीओपी पाणी लागलं की आवळत जातं, तासाभरात डब्यात ढेकूळ. लागेल तेवढंच करा. चॉक पावडर निवांत असते. मी वाटीभर इमल्शनला पाव ते तिसरा हिस्सा वाटी पावडर घेते, थोड्या पाण्यात कालवून. पावडर जास्त झाली तर बोट फिरवल्यावर पांढरं लागतं.

पुण्यात सगळं सामान बोहरी आळीत मिळतं. चपडी मागितली की दुकानदार आधी 'काय करायचंय' विचारतो, मग त्याच्या वडिलांच्या काळातली एक गोष्ट सांगतो. वेळ काढून जा.

मेधा_प | १६ एप्रिल

सगळ्यांचे आभार. आजोबा, तुमच्यासाठी प्रश्न: लाख येते कुठून? लहानपणी लाक्षागृह ऐकलं तेवढंच.

खटपट्या_आजोबा | १६ एप्रिल

छान प्रश्न. लाखेचा किडा असतो, पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बसतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतो. ते खरवडून, धुऊन, वितळवून, पत्र्यासारखं ताणून त्याचे पापुद्रे करतात. झारखंडात मोठ्या प्रमाणावर होते, रांचीला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. साहेब ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणत होता त्याचा कच्चा माल आपल्याकडच्या पळसावरचा. तुम्ही लाख लावणार हे वाचून बरं वाटलं. वरून रंग लावणार हे वाचलं नाही असं समजतो.

सोडा_लिंबू | १६ एप्रिल

आजोबा, तडजोड म्हणतात ती हीच.

मिठगर | १८ एप्रिल

मेणाच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो. रत्नागिरीला समुद्रापासून पाच मिनिटांवर राहतो, माझा अनुभव कडू आहे.

मधमाश्यांचं मेण घरी केलं. एक भाग मेण गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवलं (६२-६४ अंशाला वितळतं, आच फार लागत नाही), गॅस बंद करून, भांडं दुसऱ्या खोलीत नेऊन तीन भाग टर्पेंटाइन ओतलं. हे मुद्दाम सांगतोय कारण टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. गार झाल्यावर लोण्यासारखं होतं. चॉक पेंटच्या टेबलावर चोळलं, सुरेख दिसलं. जुलैत बोट लावलं की ठसा उठायला लागला. ऑगस्टात कोपऱ्यांवर हिरवी बुरशी. गणपतीला टेबल झाकून ठेवलं.

चूक माझीही होती. जाड लावलं आणि जादा पुसलं नाही. मेण अंगाला तेल लावतो तितकं पातळ, चोळून, लगेच कोरड्या फडक्यानं पुसायचं. 'सुकलं' आणि 'मुरलं' यात तीन-चार आठवड्यांचं अंतर असतं, तोवर वर काही ठेवायचं नाही. पण किनारपट्टीवर असाल तर मी सरळ पाण्याचा मॅट वॉर्निश लावायला सांगेन. आणि एकदा मेण लावलंत की वरून वॉर्निश धरत नाही. आधी टर्पेंटाइननं मेण पूर्ण उतरवावं लागतं. म्हणून आधी ठरवा.

थेम्सकाठी | १८ एप्रिल

+१. आणि काळं मेण कोपऱ्यांत भरायचं असेल तर आधी साधं मेण लावा. कोऱ्या चॉक पेंटवर काळं थेट लावलं तर ते शोषलं जातं आणि डाग कायमचा.

शिसवी | १८ एप्रिल

एक मिनिट. म्हणजे आधी नवं करायचं, मग कोपरे घासून रंग उडवायचा, मग काळं मेण भरून मळकं करायचं, आणि याला पैसे मोजायचे? माझ्या सासूबाईंनी ऐकलं तर म्हणतील, आमच्या घरातल्या सगळ्या वस्तू आधीच फॅशनेबल आहेत.

सुतारपक्षी | १९ एप्रिल

मेधाताई, पायांकडे बघितलंत का? वर्षानुवर्षं पाण्याच्या वाटीत उभे होते. साग असला तरी खालची दोन-अडीच इंच मऊ झाली असतील. सुरीचं टोक दाबा. आत गेलं तर तेवढा भाग कापून त्याच जातीचा तुकडा जोडा, रंगाखाली दाबू नका. आणि पायाचा तळ, जिथं रेषा उभ्या तुटतात, तो स्पंजसारखा पाणी ओढतो. तिथं चपडीचे तीन-चार हात.

अळशीच्या तेलाचं कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो: तेल छान, पण तेलानं भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. आपोआप तापतात आणि पेटतात. ही अफवा नव्हे. आमच्या वडिलांच्या कारखान्यात बोळे पाण्याच्या बादलीतच जायचे. नाहीतर दोरीवर एकेक पसरून वाळवा.

मेधा_प | ४ मे

प्रगती कळवते.

डावीकडचा मागचा पाय गेलेला होता, सुरी लोण्यात जावी तशी गेली. याच्या वाटीत पाणी घालायला मी सगळ्यात कमी विसरले असणार. ओळखीच्या सुतारांनी अडीच इंचाचा सागाचा तुकडा जोडून दिला. त्यांनी सांधा तिरका घेतला, खिळा एकही नाही.

बोहरी आळीत चपडी घेतली. रंगीबेरंगी, तुमचा दुकानदार मलाही भेटला बहुतेक. वडिलांची गोष्ट झाली, आजोबांची पण झाली.

रंगवलेला खण खरवडून कोरा केला. आणि इथं गडबड झाली. तीन हातांचा पांढरा रंग निघाल्यावर खाली फणस ओला, पिवळा, रेषा मोकळ्या झालेल्या. मी तासभर तो खण मांडीवर घेऊन बसले. चपडीचा एक हात दिला तर मधासारखा उजळला.

आजोबा, हसू नका.

खटपट्या_आजोबा | ४ मे

हसत नाही. डोळ्यांत कचरा गेलाय.

शिसवी | ४ मे

म्हणजे रंग रद्द? आम्ही एवढे भांडलो ते फुकट?

मेधा_प | ५ मे

पूर्ण रद्द नाही. बाहेरची सागाची चौकट आणि दोन्ही बाजू फारच डागाळलेल्या आहेत. एका बाजूला रॉकेलचा डबा टेकून काळा गोल उमटलाय, तो ऑक्झॅलिक ॲसिडनंही (लाकडावरचे डाग काढायचं आम्ल) गेला नाही. तिथं चपडीचे दोन हात देऊन निळा-राखाडी चॉक पेंट. आतल्या फळ्या, खण आणि पाठ फणसाच्या रंगातच, नुसती चपडी. दार उघडलं की पिवळं. जाळी गंजली होती, नवी बसवतेय. मेण की वॉर्निश हे अजून ठरत नाहीये.

मिठगर | ५ मे

पुण्याला मेण चालेल. पातळ!

चहाबाज | ५ मे

आणि फोटो?

मेधा_प | २८ जुलै

फोटो अजून चढत नाहीये, संपादक मंडळाला निरोप पाठवलाय.

कपाट होऊन दोन महिने झाले. पिवळा डाग एकही आला नाही. चपडीनं काम केलं. मेण लावलं, चार आठवडे वर काही ठेवलं नाही, नवऱ्याला किल्ल्या ठेवायलाही बंदी केली होती. जूनच्या अखेरीस जरा चिकट वाटलं, कोरड्या सुती फडक्यानं पुन्हा चोळल्यावर गेलं. बुरशी नाही. खण मात्र पावसात फुगून घट्ट झालेत, कडांना मेणबत्ती घासली तर सरकतात. आजीच्या खणात मेणबत्त्या का असायच्या, ते कदाचित हेच!

एक अपघात. आई राहायला आली, तिनं पहिल्या दिवशीच लोणच्याची बरणी कपाटावर ठेवली. तेलाचा गोल. वर हळद. मी किंचाळले. सोडा_लिंबू, या वेळी चुना लावून बघितला, लाल झालं.

सोडा_लिंबू | २९ जुलै

अभिनंदन, खरी हळद सापडली. चुना लगेच पुसा. तेलावर चॉक पावडर दाबून रात्रभर ठेवा, ती ओढून घेईल. मग हळदीची बाजू उन्हाकडे करा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, आठवड्यात फिका पडेल. जुलैत ऊन कुठून आणायचं ते मात्र रसायनात बसत नाही. राहिलंच तर तेवढ्या जागेवरचं मेण टर्पेंटाइननं काढून रंगाचा हात आणि पुन्हा मेण. चॉक पेंटचं हे एक बरं असतं, पॅच दिसत नाही.

खटपट्या_आजोबा | २९ जुलै

आई काय म्हणाल्या कपाट बघून?

मेधा_प | २९ जुलै

बाहेरून बघून म्हणाली, "हे कुणाचं?" मग दार उघडलं आणि वरच्या फळीवर हात फिरवला. उजव्या कोपऱ्यात तुपाच्या बरणीचा खळगा आहे, तो बोटानं चाचपला. मग "बरं केलंस" म्हणाली आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, माझ्या लोखंडी गोदरेजलाही असाच निळा लाव. लोखंडावर चालतो का हा?

खणखणीत | २९ जुलै

चालतो, पण पाण्याचा रंग आहे. गंजाचा एक ठिपका राहिला तरी नारिंगी डाग वर येणार. आधी पॉलिश पेपरनं गंज काढा, रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) मारा.

उंटावरचा_शहाणा | २९ जुलै

पुढचा धागा: 'आईच्या गोदरेजला चॉक पेंट लावला, नारिंगी डाग उमटताहेत'. चुना तयार ठेवतो.